आईची झाली 'इमा'

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. नीट ऐका हं!

शुक्रवारची संध्याकाळ आहे. सूर्य मावळायला आलाय. स्वयंपाकघरातून नारळाच्या रसातल्या माशांच्या कालवणाचा वास येतोय. शेजारी भाताचं पातेलं झाकून ठेवलंय. आई मुलीला विचारते, "हात धुतलेस का गं? चल, दिवा लावायची वेळ झाली." मुलगी उत्तर देते, पण मराठीत नाही. घराबाहेर डोकवावं तर नारळ नाही, पोफळ नाही. लांबवर नुसतं वाळवंट. आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायची तर उजवीकडून डावीकडे!

आता सांगा पाहू, हे घर कुठलं?

रत्नागिरीचं? छे! दुबईचं? तेही नाही. हे घर आहे इस्रायल देशातल्या दिमोना नावाच्या गावातलं. आणि घरातली आई आहे आपल्या कोकणातली. म्हणजे तिचे आजे-पणजे रायगड जिल्ह्यातले. या लोकांना म्हणतात बेने इस्रायल. ते धर्मानं ज्यू, पण बोली मराठी. हिब्रू भाषेत 'बेने इस्रायल' म्हणजे 'इस्रायलची लेकरं'.

परदेशी गेलेल्या आयांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. कुणाची मावशी अमेरिकेत गणपती बसवते, कुणाची आत्या लंडनमध्ये दिवाळीचा फराळ करते. पण बेने इस्रायल आयांची गोष्ट जरा निराळी आहे. त्यांच्या घराण्यानं परकं गाव आपलं करायचं काम एकदा नाही, दोनदा केलं. आणि दोन्ही वेळा सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते स्वयंपाकघर!

आडनावात लपलेलं गाव

आधी थोडं मागं जाऊ या. बेने इस्रायल लोकांमध्ये परंपरेनं एक कथा सांगतात. फार फार वर्षांपूर्वी, सुमारे दोन हजार वर्षांमागे म्हणा, एक गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जवळचं सगळं समुद्रानं गिळलं. धर्माची पुस्तकंसुद्धा! ही माणसं तिथंच राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली, शेती करू लागली, मराठी बोलू लागली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद! म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, 'शनिवार तेली'.

गावांवरून त्यांची आडनावंही पडली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर. आता तुमच्या आजोबांना विचारा, 'बूट पॉलिश' हा १९५४ सालचा सिनेमा आठवतो का? त्यात मुलांवर माया करणारे जॉनचाचा रंगवणारे नट डेव्हिड म्हणजेच डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत हजारो बायकांची बाळंतपणं करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांचं आडनावसुद्धा अलिबागजवळच्या झिराड गावाचं. त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली.

आता गंमत ऐका. पुस्तकं गेली, हिब्रू भाषा विसरली. मग हे लोक ज्यू आहेत, हे ओळखायचं कसं? त्याचीही एक कथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. या लोकांचं शनिवार पाळणं बघून त्याला शंका आली. त्यानं काय करावं? धर्मग्रंथाचे प्रश्न नाही विचारले. त्यानं घरातल्या बायकांपुढं निरनिराळ्या मासळीची टोपली ठेवली आणि म्हणाला, "रांधा!"

बायकांनी टोपलीतून खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले. बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही," त्या म्हणाल्या. ज्यू धर्माचा नियम नेमका हाच आहे! रहाबीची खात्री पटली.

रहाबी नेमका कधी आला याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण कथेचा अर्थ तुमच्या लक्षात आला ना? जे पुस्तकांतून हरवलं होतं, ते आयांच्या हातांत शिल्लक होतं.

सण त्यांचे, नावं आपली

कोकणात राहता राहता त्यांच्या सणांनाही मराठी नावं मिळाली. ज्यूंचं नवं वर्ष साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. त्याला ते म्हणत 'नव्याचा सण'. त्यानंतर नव्या धान्याची खीर करायची, तो 'खिरीचा सण'. दिवसभर कडक उपास करून दारं लावून प्रार्थना करायची, तो 'दारफाळणीचा सण'. आंबवलेलं काही खायचं नाही असा वसंतातला सण, त्याचं नाव 'अनशी ढाकाचा सण'. अनस म्हणजे आंबट पदार्थ ठेवायचं मातीचं भांडं. ते त्या दिवसांत झाकून ठेवायचं! जेरुसलेमचं प्राचीन मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवशी वालाचं बिरडं करत, म्हणून 'बिरड्याचा सण'. आणि फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरिम? त्याला चक्क 'होळीचा सण'! होळीला शेजारणी पुरणपोळ्या लाटतात, मग यांच्या घरी पुरणपोळी का नको?

स्वयंपाकातही असंच झालं. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, असा नियम आहे. कोकणातल्या बाईला त्याची काय अडचण? परसात नारळ आहे की! कालवणात दुधाऐवजी नारळाचा रस. नव्या वर्षाचा 'चिकाचा हलवा' करायचा, म्हणजे गव्हाचा चीक काढायचा आणि तोही नारळाच्या रसात आटवायचा. ढवळता ढवळता हात भरून येतात, पण थांबायचं नाही, नाहीतर गुठळ्या! शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षाचा रस लागतो. तो खेड्यात कुठून आणणार? मग काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या, झालं सरबत तयार.

बघा, नियम एकही मोडला नाही आणि बाहेरून काही मागवलंही नाही. जे परसात होतं त्यातून सण उभा केला.

गाठोडं पुन्हा बांधलं

१९४८ साली इस्रायल हा नवा देश झाला. त्याच वेळी तिथल्या लाखो पॅलेस्टिनी अरबांना घरं सोडावी लागली आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. ती मोठी आणि दुःखाची गोष्ट आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तीही जरूर वाचा. आज आपण आपल्या कोकणातल्या आयांबरोबर जाऊ.

बेने इस्रायल लोकांना भारतात धर्मावरून कुणी छळलं नव्हतं. हे ते आजही अभिमानानं सांगतात. पण प्रार्थनेत पिढ्यान् पिढ्या ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं, ते आता बोलावत होतं. १९५० आणि १९६० च्या दशकांत घरंच्या घरं निघाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. १९७१ साली उरले सहा हजारांच्या आसपास. या सगळ्या ज्यूंमध्ये बेने इस्रायलच जास्त होते.

तिकडं गेल्यावर काय मिळालं? अनेकांना मिळाली नव्यानं वसवलेली गावं. दिमोना हे त्यांतलंच एक. नेगेव वाळवंटात १९५५ साली वसवलेलं. दिवसा ऊन रणरणतं, रात्री थंडी. कुठं अलिबागचा समुद्र आणि कुठं ही वाळू!

पण खरी पंचाईत वेगळीच होती. विचार करा हं. मुंबईत बाजारात घासाघीस करणारी, शेजारणीला सल्ला देणारी, मुलांचा अभ्यास घेणारी बाई. नव्या देशात गेल्यावर तिला दुकानाची पाटीही वाचता येत नाही. मुलं लहान, ती शाळेत जाऊन चार महिन्यांत हिब्रू शिकतात. मग दवाखान्यात, बँकेत, शाळेत आईच्या वतीनं कोण बोलणार? दहा वर्षांचा मुलगा! कालपर्यंत आई त्याचं बोट धरून चालत होती, आता ती त्याच्या जिभेवर विसंबून. परदेशी गेलेल्या कितीतरी घरांत हे घडतं. अशा वेळी मुलाला कधी कधी आईची लाज वाटते. तिचं बोलणं, तिचं नेसणं, डब्यातल्या कालवणाचा वास, सगळ्याचीच. आणि आईला ते कळतं, बरं का. ती बोलत नाही एवढंच.

हिब्रूमध्ये आईला म्हणतात 'इमा'. तर अशी ही आईची झाली इमा.

"तुम्ही आमच्यातलेच का?"

यापेक्षाही एक मोठा घाव त्यांना सोसावा लागला. काही कुटुंबांना तिथं इतकं परकं वाटलं, की त्यांनी धरणं धरलं आणि १९५२ साली ती भारतात परत आली. पुढं त्यांच्यातले बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले, ते निराळं.

मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली, 'हे लोक इतकी शतकं एकटे राहिले. हे खरे ज्यू आहेत कशावरून?' बेने इस्रायल मुलामुलीचं लग्न दुसऱ्या ज्यू घरात ठरलं, तर त्याच्या किंवा तिच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करायची, असा हुकूम निघाला.

ज्या आजीनं वाळवंटातसुद्धा शुक्रवारचा दिवा चुकवला नाही, तिचीच परीक्षा! सांगा, कसं वाटलं असेल? बेने इस्रायल कुटुंबं गप्प बसली नाहीत. ती जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, धरणं धरून बसली. शेवटी १९६४ साली इस्रायलच्या संसदेनं ठराव करून सांगितलं, की बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, त्यांना इतरांसारखेच सगळे हक्क आहेत. मग तो हुकूमही बदलला.

ताट तेच, डोंगर नवा

आता सांगते ती या आयांची सगळ्यांत गोड गोष्ट. तिचं नाव मालिदा.

एलियाहू हा ज्यूंचा मोठा प्रेषित. तो बेने इस्रायल लोकांचा फार लाडका. त्यांची श्रद्धा अशी, की एलियाहू एकदा कोकणात येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळे गावच्या परिसरात एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, असं ते मानतात. त्याला नवस बोलायचा, आणि इच्छा पुरी झाली की मालिदा करायचा. घरात लग्न निघालं, बाळ झालं, नवं घर घेतलं, कुणी आजारातून उठलं, की मालिदा ठरलेला!

मालिदा म्हणजे काय? तर गोड पोहे! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. मोठ्या ताटात त्यांचा ढीग करायचा, भोवती फळं मांडायची. मग सगळ्यांनी भोवती बसून एलियाहूची गाणी म्हणायची, देवाचे आभार मानायचे आणि ताट वाटून खायचं. दुसऱ्या कुठल्याच ज्यू समाजात हा मालिदा नाही. तो आपल्या मातीतला. पोहे, नारळ, पंचखाद्य, प्रसाद वाटणं, हे सगळं ओळखीचं वाटतं ना?

इस्रायलला जाताना खंडाळ्याचा खडक काही उचलून नेता येत नव्हता. पण तिथं हैफा शहरात कार्मेल डोंगराच्या उतारावर एक गुहा आहे, तिला एलियाहूची गुहा म्हणतात. मग बेने इस्रायल मंडळी तिथं जाऊ लागली. ताट तेच, डोंगर नवा! आणि मालिद्याला आणखी नवी कारणंही मिळाली. इस्रायलमध्ये तरुण मुलामुलींना लष्करात जावं लागतं. मूल सुखरूप घरी आलं, की आई पोहे भिजत घालते.

शेजारणीचं धिरडं

दिमोनात एकट्या बेने इस्रायलांचीच घरं नाहीत. मोरोक्कोहून आलेले ज्यूही तिथं पुष्कळ. त्यांचाही एक झकास सण आहे, मिमुना. आंबवलेलं न खाण्याचे दिवस संपले, की त्या रात्री मोरोक्कन घरांची दारं उघडी! कुणीही या, गोड खा. त्यात मुफलेता नावाचा पातळ पदार्थ असतो. तव्यावर भाजायचा, लोणी-मध लावायचा, गुंडाळी करून गट्टम करायचा. आपल्या घावनाचा लांबचा भाऊच म्हणा की! आज हा सण इस्रायलभर माहीत झालाय.

लग्नाच्या आधी मेंदीची रात्र असते ना? तीसुद्धा बेने इस्रायल घरांत असते, मोरोक्कन घरांत असते आणि येमेनहून आलेल्या घरांतही असते. देश तीन, भाषा तीन, मेंदी एकच! ज्या चालीरीतींमुळं आपण वेगळे पडू असं मुलांना वाटतं, त्याच कधी कधी शेजारणीशी ओळख करून देतात.

आणि आपली मराठी? 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघालं आणि अनेक वर्षं चाललं. जुन्या पिढीनं मराठी जपली. पण खरं सांगायचं तर नातवंडांच्या तोंडी आता हिब्रूच आहे. आजी मराठीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो. आजीला 'सावता' म्हणतो. भाषा अशी हळूहळू निसटते. आई-आज्यांनी जपलं ते सगळंच टिकलं, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. पण मालिदा टिकला. पुरणपोळी टिकली. आणि नातवाला पोहे खाता खाता आजीला विचारता येतं, "हे असं का करतात गं?" त्या एका प्रश्नाबरोबर नवगावचं गलबत, शनिवारचा बंद घाणा, मासळीची टोपली, सगळं परत येतं.

आता तुमची पाळी!

दोस्तांनो, ही गोष्ट लांबची वाटली का? मग तुमच्या वर्गात नजर फिरवा. कुणी बिहारहून आलं असेल, कुणी केरळहून, कुणी बीड-परभणीहून पुण्या-मुंबईत. त्यांच्या आईलाही इथली पाटी वाचताना, इथल्या बाजारात बोलताना अडखळायला होत असेल. तिच्या मुलानं डब्यात ठेकुआ आणला किंवा पुट्टू आणलं, तर नाक मुरडू नका हं! एक घास मागा. "हे कधी करतात रे?" एवढंच विचारा. त्या दिवशी घरी जाऊन तो आईला नक्की सांगेल, आणि ती माउली रात्री हसत झोपेल.

दुसरं काम घरातलं. तुमच्या घरी असा कुठला पदार्थ आहे, जो फक्त तुमच्याकडेच तसा करतात? तो आईकडून किंवा आजीकडून वहीत लिहून घ्या. बाबा रांधत असतील तर बाबांकडून! प्रमाण लिहाच, पण तो कधी करतात आणि का, तेही लिहा. कारण 'का' विसरलं, की पदार्थ नुसता पदार्थ उरतो.

करून बघा : मालिद्यासारखे गोड पोहे

(गॅस लागत नाही. सुरी वापरताना मात्र मोठ्यांना जवळ बोलवा.)

साहित्य : २ वाट्या पोहे, १ वाटी खवलेला ओला नारळ, अर्धी वाटी साखर किंवा बारीक चिरलेला गूळ, अर्धा चमचा वेलचीपूड, थोडे काजू, बदाम, बेदाणे, चिमूटभर मीठ. सोबत केळं, सफरचंद, खजूर, संत्रं, जी मिळतील ती फळं.

कृती : पोहे चाळणीत घेऊन धुवा आणि दहा मिनिटं निथळत ठेवा. नारळ आणि साखर हातानं एकत्र कालवा. साखर थोडी विरघळली की पोहे घाला. वेलची, मीठ, सुका मेवा घालून हलक्या हातानं मिसळा. पोहे मोडू देऊ नका! मोठ्या ताटात मधोमध ढीग करा आणि भोवती फळांच्या फोडी मांडा.

एक लक्षात ठेवा. बेने इस्रायल घरात मालिदा हा प्रार्थनेचा भाग असतो. तुम्ही करताय ते त्यांच्या आठवणीनं केलेले गोड पोहे. खाण्याआधी ताटाभोवती सगळे बसा, आणि आज कशाबद्दल आभार मानायचे ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगा.

आणि हो, हिब्रूत भारताला म्हणतात 'होदू'. याच शब्दाचा त्या भाषेत आणखी एक अर्थ आहे, 'आभार माना'. आहे की नाही गंमत?

मग पहिले आभार कुणाचे मानायचे, ते काही मी सांगायला नको. ती बघा, स्वयंपाकघरात उभी आहे!